ओरखड्यापुरताच रंग

लेखमाला : जुनं जपताना — भाग ९
व्हिडिओ गेमच्या पेट्यांवरची चित्रं

गळीत हंगाम तोंडावर आला की सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यात ट्रॉल्यांना रंग चढू लागतो. मागच्या हंगामात उसाने आणि साखळ्यांनी पत्रा खरवडून काढलेला असतो, पावसाळ्यात उभं राहून गंज धरलेला असतो. पेंटर पत्रा घासतो, रेडऑक्साइडचा हात देतो, लांबी भरतो आणि वर नव्याने सगळं उभं करतो: वेलबुट्टी, देवाचं नाव, मालकाच्या पोरांची नावं. जुनं चित्र नव्याखाली गाडलं जातं. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही. ट्रॉलीला परत फडात जायचं आहे, काट्यावर उभं राहायचं आहे. तिच्यावरचा रंग आधी पत्र्याचं रक्षण करतो, मग डोळ्याला सुख देतो.

आजच्या भागातली वस्तू नेमकी उलट्या स्वभावाची आहे. तिला लागणारा हात ट्रॉली रंगवणाऱ्या पेंटरचाच, पण त्याची सवय मात्र तिथे चालत नाही. ही वस्तू म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची उभी पेटी.

आज चाळिशी ओलांडलेल्यांना ती आठवत असेल. एसटी स्टँडाजवळच्या अंधाऱ्या गाळ्यात किंवा जत्रेतल्या पालात ओळीने उभ्या पेट्या, समोर मुलांचं कोंडाळं. 'कॅपकॉम' कंपनीच्या १९९३च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' या खेळाला आपल्याकडे त्या नावाने कुणी ओळखलंच नाही. त्यातल्या एका गड्याच्या नावावरून तो सगळ्यांचा 'मुस्तफा' झाला. मोबाइल हातात आले, गाळे बंद पडले, पेट्या भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्या कुणाच्या माळ्यावर नाहीतर गोदामात धूळ खात पडल्या. आता त्या शोधून पुन्हा चालू करणारे हौशी लोक जगभर आहेत. अमेरिकेत रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' या खेळ-संग्रहालयाने तर असे खेळ रीतसर जतन केले आहेत.

चित्र कशासाठी होतं?

पेटीवर एवढं रंगीबेरंगी चित्र का, हे कळलं की ते जपायचं कसं तेही कळतं. १९७८ साली जपानच्या 'टायटो' कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, तेव्हा पडद्यावर दिसायचे ते मोजके चौकोनी ठिपके. त्यातून राक्षस बघायचा तर डोक्यात आधी राक्षस असावा लागतो. ते काम पेटीच्या बाजूच्या फळ्यांनी केलं. अमेरिकेत 'मिडवे' कंपनीने काढलेल्या पेटीवर भलेमोठे केसाळ राक्षस आहेत. खेळात त्यांचा मागमूस नाही, पण चित्र बघून आलेल्या मुलाला ठिपक्यांतही ते दिसायचे. म्हणजे ते चित्र निम्मा खेळ होतं. ते आपल्या मनाने 'सुधारून' रंगवलं की निम्मा खेळ आपण बदलला.

आधी ओळखा, मग हात लावा

पेटीवरची सगळी चित्रं एका जातीची नसतात. बहुतेकदा चार प्रकार भेटतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिला, स्टेन्सिल. कापलेला साचा फळीवर ठेवून रंग फवारलेला. 'मिडवे'च्या १९८०च्या 'पॅक-मॅन'ची पिवळी पेटी या जातीची. इथे रंगाची कड अगदी कातरल्यासारखी नसते, साच्याखाली शिरलेला बारीक फवारा कडेला दिसतो.

दुसरा, स्क्रीन प्रिंट. लग्नपत्रिका छापतात तीच पद्धत, जाळीतून एकेक रंग दाबून काढायची. इथे कड धारदार असते आणि काळी रेघ बहुधा शेवटी, सगळ्यांच्या वर बसलेली असते.

तिसरा, स्टिकर. १९८१च्या 'डाँकी काँग'च्या बाजूंवर चिकटवलेलं चित्र असं आहे. ओरखड्याबरोबर स्टिकरची कड उचलली असेल तर आधी ती चिकटवायची, रंगाचं नंतर.

चौथा, उलटा छापलेला. माथ्यावरची आतून उजळणारी पट्टी, पडद्याभोवतीची काच आणि पुष्कळदा बटणांखालचं पारदर्शक प्लॅस्टिक या जातीचं असतं. चित्र मागच्या अंगाला छापलेलं, आपण ते काचेतून बघतो. पुढून ओरखडा दिसला तर तो काचेचा, रंगाचा नव्हे. रंग गेला असेल तर मागून गेलेला असतो.

आपल्याकडच्या गाळ्यांतल्या पेट्यांचा मात्र पाचवा प्रकार मानावा लागतो. इथल्या सुताराने प्लायवूडची पेटी ठोकायची, वर सनमायका लावायचा किंवा ऑइलपेंट मारायचा, आणि चित्र-अक्षरं जवळच्या पेंटरकडून काढून घ्यायची असाही प्रकार असे. असं चित्र छापील नसतं, त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत यायचं आहे.

पुसणं हेच अर्धं काम

बऱ्याचदा ज्याला ओरखडा समजतो तो मळ असतो. सिगारेटचा धूर, हाताचं तेल, वर्षांची धूळ. मऊ ब्रशने धूळ झाडा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, घट्ट पिळलेला सुती फडका, आणि सुरुवात खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यापासून. कापसाच्या बोळ्यावर रंग उतरलेला दिसला की तिथेच थांबायचं. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांना जवळही आणू नका. ट्रॉलीवरचा डाग थिनरने जातो, इथे डागाबरोबर चित्रही जाईल. पेटीचं लाकूड भुश्याच्या बोर्डाचं असेल तर पाण्याशीही बेताने वागा. हा बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही, म्हणून तर गाळ्यात रोज फरशी पुसून पुसून पेट्यांचे तळ फुगलेले दिसतात.

आणखी एक ताकीद. पेटीत जुन्या टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब असते. वायर काढली तरी तिच्यात बराच काळ वीज साठून राहू शकते. पट्टी किंवा काच काढण्यासाठी मागचं दार उघडायचं असेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला बरोबर घ्या.

ओरखडा वाचायचा

खोली अंधारी करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. सपाट उजेडात एक रेघ दिसत होती, तिथे आता खोली दिसते. नख अडत नसेल तर ओरखडा फक्त वरच्या चकाकीत आहे. तो मऊ पॉलिशने निघतो, रंगाची गरजच नाही. नख अडलं आणि तळाशी पांढरट किंवा करडा थर दिसला तर रंग गेला आहे, अस्तर शाबूत आहे. तळाशी लाकूड दिसलं तरच भरणी करायची.

भरणीला पाण्यात विरघळणारी लाकडाची पुट्टी घ्या, गाडीची दोन डब्यांची लांबी नको. कारण साधं आहे. पाण्यातली पुट्टी ओरखड्यात दाबून लगेच ओल्या बोळ्याने पुसली की आजूबाजूच्या चित्रावर तिचा अंशही राहत नाही. गाडीची लांबी घासावी लागते, आणि घासकागद एकदा फळीवर फिरला की दोन मिलिमीटरच्या ओरखड्याचा दोन इंचांचा डाग होतो. रोगापेक्षा औषध भारी पडावं, तसं. पुट्टी चित्राच्या पातळीपेक्षा केसभर खालीच ठेवा, वर रंगाचे थर यायचे आहेत.

रंग जुळवताना

इथे अडाणी आणि जाणता यांच्यातला फरक दिसतो. फळीच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी ठोकलेली असते, ती हळूच उचलली की खाली कारखान्यातून निघाला तसा रंग सापडतो. उन्हाला न लागलेला, धुराने न पिवळलेला. तो बघून आनंद होतो आणि नेमका तोच रंग कालवायचा मोह होतो. तो कालवाल तर फसाल. ओरखडा ज्याच्या शेजारी आहे तो रंग म्हातारा झालेला आहे. कोऱ्या पिवळ्याने भरलेली रेघ म्हाताऱ्या पिवळ्यात बोंबलून सांगेल की मी इथे आहे. जुळवायचं ते शेजाऱ्याशी.

रंग मळवायला काळा घालू नका. काळ्याने पिवळा हिरवट होतो, लाल विटकरी होतो. समोरच्या रंगाचा कण घाला: पिवळ्यात किंचित जांभळा, लालात किंचित हिरवा. पाण्यातला ॲक्रिलिक रंग घेतलात तर तो वाळून थोडा गडद होतो, म्हणून ओल्या रंगावर निर्णय नको. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक बोट ओढा, वाळू द्या, आणि तो तुकडा चित्रावर ठेवून तीन उजेडांत बघा: दारातल्या उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली. एका उजेडात जुळे भासणारे दोन रंग दुसऱ्यात परके निघतात, कारण ते वेगळ्या रंगद्रव्यांचे बनलेले असतात. पेटी जिथे कायमची उभी राहणार तिथला उजेड शेवटी खरा.

ॲक्रिलिकचा सल्ला देण्यामागे आणखी एक हिशोब आहे. जुना रंग तेलाचा, नवा पाण्याचा, मध्ये पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात. उद्या कुणाला तुमचं काम पसंत पडलं नाही तर तेवढंच काढता येतं, खालचं मूळ सुखरूप राहतं. ऑइलपेंट जुन्यात एकजीव होतो, मग दोन्ही एकदमच काढावे लागतात.

आता ब्रश. शून्य नंबरचा किंवा त्याहून बारीक, टोक शाबूत असलेला. रंग दुधासारखा पातळ, एका जाड हाताऐवजी तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. ओरखड्याच्या काठाबाहेर रंग गेला तर लगेच ओल्या बोळ्याने टिपायचा. मास्किंग टेप लावून कड धरण्याची पेंटरची सवय इथे धोक्याची आहे, टेप उचलताना जुना पापुद्रा सोबत येतो. स्क्रीन प्रिंटची कड धारदार ठेवा, स्टेन्सिलची कड मात्र मुद्दाम थोडी विरळ करा. काळी रेघ सगळ्यात शेवटी. नंतर फक्त तेवढ्या जागेवर चकाकी जुळवा, शेजारी मंद असेल तर मंद.

काचेमागच्या चित्राचा क्रम उलटा होतो. समोरून जे वर दिसायचं ते मागून आधी लावायचं: आधी रेघ, मग रंग. मधेमधे पट्टीमागे दिवा धरून बघा, पातळ राहिलेल्या जागेतून उजेड फुटतो. पापुद्रे उडत असतील तर तिथे पाणी नको, साबण नको, बोटही नको.

किती भरायचं आणि कुठे थांबायचं

इटलीत १९३९ साली रोमला जीर्णोद्धाराची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी जुन्या चित्रांतल्या पडलेल्या जागा भरायची एक रीत रूढ केली: त्या जागी बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. दुरून चित्र पुरं दिसतं, जवळ गेलं की भरलेला भाग ओळखू येतो. बघणाऱ्याला आनंद मिळावा आणि त्याची फसवणूकही होऊ नये, असा दुहेरी विचार त्यामागे आहे. गेमच्या पेटीवर उभ्या रेघा ओढायची गरज नाही, पण विचार उचलण्यासारखा आहे. भरणी ओरखड्याच्या काठापर्यंतच. शेजारचा भाग फिका वाटतो म्हणून त्यालाही एक हात, मग त्याच्या शेजाऱ्याला, असं करत गेलात तर संध्याकाळी तुमच्यासमोर ट्रॉली उभी असेल.

काही ओरखडे भरूच नयेत. १९७९च्या 'ॲस्टरॉइड्स'मध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला पडद्यावर तीन अक्षरं ठेवता येत. ज्यांना तेवढं जमलं नाही त्यांनी खिळ्याने फळीवर नावं कोरली. बटणांशेजारी सिगारेट टेकवल्याचे काळे चट्टे असतात, नाण्याच्या फटीभोवती नाणी घासून झिजलेला चंद्र असतो. ही नुकसानी खरी, पण पेटी कुणी आणि कशी वापरली याची नोंदही तीच. खोल, लाकूड उघडं पाडणारा ओरखडा ओल धरतो, तो भरावा. नाव वाचता येत असेल तर राहू द्यावं.

आता त्या पाचव्या प्रकाराकडे. परदेशातल्या नामांकित पेट्यांची चित्रं आता नव्याने छापून मिळतात. एखादी 'पॅक-मॅन' पार खराब झाली तरी नमुना शिल्लक आहे. आपल्या गाळ्यातल्या पेटीवर स्थानिक पेंटरने ऐकीव वर्णनावरून काढलेला वाकडा डायनासॉर मात्र एकुलता एक आहे. त्याचा पाय लांडा असला तरी तो दुरुस्त करायचा नाही. शरीरशास्त्राची चूक ही पेंटरची, ओरखडा काळाचा, आपला करार फक्त काळाशी आहे. म्हणून परदेशी पेटीपेक्षा या गावठी पेटीवर हात जास्त आखडता घ्या.

हे काम कुणाकडून करून घ्यावं, असा प्रश्न वाचक विचारतात. बारीक हात असलेला ट्रॉलीचा पेंटर उत्तम, कारण नजरेने रंग कालवणं त्याच्याइतकं कुणाला येत नाही. मात्र मजुरी फळीवर किंवा फुटावर ठरवू नका, दिवसावर ठरवा. फुटावर पैसे ठरले की पेंटरचा फायदा जास्त रंगवण्यात असतो, दिवसावर ठरले की थांबण्यात त्याचं नुकसान होत नाही. काम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो काढा. कोणता रंग, कशात काय मिसळलं, कुठे भरणी केली हे एका कागदावर लिहून पाकिटात घाला आणि पाकीट नाण्याच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. वीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्या माणसाला तुमचं काम कुठे संपतं आणि मूळ कुठे सुरू होतं, ते त्यातून कळेल.

*पुढील आठवड्यात : फुगलेला प्लाय आणि भुश्याचा बोर्ड. कापून नवा जोडावा की आहे तोच घट्ट करावा?*