टाळ्या वाजल्या, पावलांचं काय?

रोटरी आणि लायन्स या दोन्ही क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्यामुळे जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे वर्षभराचा हिशेब, आभारप्रदर्शन, नव्या अध्यक्षांच्या गळ्यात पट्टा आणि शेवटी एखादा प्रेरणादायी वक्ता. आमच्या शेजारचे काका अशाच एका क्लबचे जुने सभासद. यंदा त्यांनी मलाही नेलं. वक्ते फिटनेसवाले होते, आणि खरं सांगते, छान बोलले. स्वतःचं आजारपण, मग पहिलं एक किलोमीटर, मग मॅरेथॉन. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेवटी त्यांनी विचारलं, "उद्यापासून रोज दहा हजार पावलं कोण चालणार?" सगळे हात वर. काकांचाही.

काकांची जानेवारीत अँजिओप्लास्टी झाली आहे, गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्या फोनवर रोजची सरासरी तीन हजारांच्या आसपास दिसते. घरी येताना गाडीत त्यांनी विचारलं, "तू पीएचडी करतेस ना? मग सांग, दहा हजारच का?"

प्रश्न चांगला होता. उत्तर थोडं गमतीशीर आहे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, नाव 'मानपो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मोजणारं. म्हणजे हा आकडा आपल्याकडे आला तो आधी एका वस्तूचं नाव म्हणून. त्यामागे दवाखान्यातली मोठी चाचणी वगैरे नव्हती.

मग खरा आकडा काय? २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. कमरेला यंत्र लावून आठवडाभर पावलं मोजली आणि नंतर सरासरी चारेक वर्षं पाठपुरावा केला. सर्वांत कमी चालणाऱ्या गटाची सरासरी २,७०० पावलं होती. ४,४०० च्या आसपास चालणाऱ्या गटात मृत्यूचं प्रमाण त्यांच्यापेक्षा ४१ टक्क्यांनी कमी निघालं. पावलं वाढत गेली तसा फायदाही वाढत गेला, पण साधारण ७,५०० नंतर आलेख सपाट झाला. इथे एक अडचण लक्षात घ्या. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. संशोधकांनी ही शक्यता आकडेमोडीत धरली होती, तरी हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. आणि त्या स्त्रिया म्हणजे आमचे काका नव्हेत. पण दिशा स्पष्ट आहे: तीन हजारवाल्याला पुढच्या दीड हजारात बरंच काही मिळण्यासारखं आहे. त्याला थेट दहा हजार सांगितले, की पाच हजार चाललेल्या दिवशीही तो स्वतःला नापास ठरवतो.

पण मला आकड्यापेक्षा त्या वर गेलेल्या हातांची जास्त काळजी वाटते.

ब्रिटनमध्ये सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायामाचे फायदे यांबद्दल मन वळवणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर, आणि वर एक काम: पुढच्या आठवड्यात व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार ते लिहून द्यायचं. आठवड्यानंतर पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला होता. दुसऱ्या गटातल्या ३५ टक्क्यांनी. तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी.

दुसऱ्या गटाकडे परत बघा. मजकूर वाचून त्यांचा इरादा खरोखर पक्का झाला होता, हे मोजलं गेलं होतं. फक्त पाय हलले नाहीत. आपला क्लबचा कार्यक्रम हा नेमका दुसरा गट आहे, चहा-सामोसा जोडून.

तिसऱ्या गटाच्या युक्तीला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नाव आणि सिद्धांत दिला. मराठीत 'अमुक झालं की तमुक करीन' अशी योजना म्हणू. "चालायला हवं" हे मेंदूला रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि संध्याकाळी सातला आपण सगळेच वाईट न्यायाधीश असतो. "चहाचा कप ठेवला की चपला घालायच्या" यात निर्णय आधीच झालेला असतो, कप फक्त आठवण करून देतो. अर्थात ९१ या आकड्याने हुरळून जाऊ नका. विद्यार्थी होते, एकच आठवडा होता, आणि व्यायाम केल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पुढच्या अनेक अभ्यासांत परिणाम दिसला, पण इतका दणदणीत नाही.

माझी तक्रार वक्त्यांबद्दल नाहीच. त्यांना बोलावलं जातं त्या तारखेबद्दल आहे. ३० जूनला जुनी कार्यकारिणी मोकळी होते, त्यामुळे "काय, चालताय का?" असं विचारायला १ जुलैला कुणीच उरत नाही. तोच वक्ता जुलैच्या पहिल्या सभेला आणा, आणि टाळ्यांनंतर दहा मिनिटं प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद द्या. शिवाय हात वर करायला लावता तो जून महिना, बाहेर धो धो पाऊस. पावसाचं काय करायचं हेही त्या कागदावर यायला हवं.

काकांनी गाडीतच औषधाच्या बिलामागे लिहिलं. आधी लिहिलं, "रोज सकाळी चालणार." मी म्हटलं, किती वाजता? मग खोडून लिहिलं, "सव्वासहाला दूध घेतलं की पिशवी काकूकडे देऊन वर न थांबता देवळापर्यंत जाऊन परत. पाऊस असेल तर खाली पार्किंगमध्ये आठ फेऱ्या." पुढच्या तपासणीला हाच कागद डॉक्टरांना दाखवून किती वाढवायचं ते विचारायचं ठरलं. बिल सध्या त्यांच्या फ्रिजवर लावलंय. काकूंनी खाली पेनने भर घातली आहे: "पिशवी मी गेटपाशी घेईन, वर आलात की बसता."