विश्लेषण : महाविद्यालयात समुपदेशक बंधनकारक, पण विद्यार्थ्याला आधार मिळतो कुठे?

गावाकडून पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण अनेकदा अभ्यासाची नसते. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, इंग्रजीतून होणारे तास आणि घरच्यांच्या अपेक्षा यांच्याशी जुळवून घेता घेताच पहिले सत्र संपते. आई फोनवर ‘कसं चाललंय?’ विचारते आणि ‘बरं चाललंय’ असे ठरलेले उत्तर मिळते. खरे उत्तर ऐकून घेणारी व्यक्ती महाविद्यालयातच असावी, हा आता केवळ सल्ला राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे ते बंधन झाले आहे. विद्यार्थ्याला नेमके काय मागता येते आणि कुठे?

प्रश्न किती गंभीर आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २००१ मध्ये ही संख्या ५,४२५ होती. २०२२ च्या नोंदीत राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, म्हणजे १,७६४ होता. कोणत्याही आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. परीक्षेतील अपयश, पैशांची तंगी, जातीवरून होणारी हेटाळणी, रॅगिंग, एकटेपणा, उपचार न झालेले नैराश्य यांतील अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात. म्हणूनच ‘पोरं हल्ली नाजूक झाली आहेत’ असे म्हणून हा विषय संपत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती देशभर लागू राहतील. शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे अशा सर्वांना ती बांधील आहेत.

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे आवश्यक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था ठेवायची आहे. अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. ‘टेलि-मानस’सह मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात आणि संकेतस्थळावर ठळकपणे लावायचे आहेत. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे टाळावे, असेही न्यायालयाने सांगितले आहे.

त्याआधी, २४ मार्च २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आणि मानसिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट त्याचे अध्यक्ष आहेत.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकच का?

नाही. समुपदेशक ऐकून घेतो, अडचणीचे धागे सुटे करायला मदत करतो आणि गरज वाटल्यास पुढे पाठवतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यावर आधारित उपचार करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तोच देतो. परीक्षेची भीती, घरची आठवण किंवा मैत्रीतला तणाव यासाठी समुपदेशक पुरेसा ठरतो. दोन-दोन आठवडे झोप न लागणे, जेवण तुटणे, कशातच मन न लागणे किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार असतील, तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. ताप उतरत नसेल तर आपण दवाखाना गाठतो, तसेच हे आहे.

सांगितलेले घरी किंवा विभागप्रमुखांना कळेल का?

बहुतेक विद्यार्थी याच भीतीने समुपदेशन कक्षाची पायरी चढत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका दिसत असेल तर तो टाळण्यापुरती माहिती संबंधितांना दिली जाऊ शकते. त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘मी सांगितलेले कोणाला कळेल आणि कधी?’ असे सरळ विचारावे. चांगला समुपदेशक त्याचे स्पष्ट उत्तर देतो.

दुसरी भीती पोलिसांची असते. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरते. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. त्यामुळे शिक्षेच्या धास्तीने उपचार लांबवू नयेत.

पैशांची अडचण हा मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे का?

मेसचे पैसे थकलेल्या मुलाला केवळ ‘सकारात्मक विचार कर’ असे सांगून भागत नाही. राज्यात त्यासाठी योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी स्वयं योजना, तर इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये आहे. महिन्याला ती पाच हजार पडते. खोली, जेवण आणि किरकोळ खर्च त्यातच भागवायचा असतो. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

२०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही.

पैसे कागदोपत्री मंजूर असणे आणि हातात पडणे यांत अंतर असते. ‘महाडीबीटी’वरील शिष्यवृत्तीचा अर्ज आधी महाविद्यालयाकडून आणि नंतर संबंधित विभागाकडून तपासला जातो. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर रक्कम अडकते. म्हणून अर्ज भरून थांबू नये. तो कोणाच्या लॉगिनवर पडून आहे ते दर पंधरवड्याला पाहावे आणि कार्यालयात तारीख टाकून लेखी विचारणा करावी.

महाराष्ट्राला ही मदत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना चालते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या निवासाची आणि भोजनाची सोय आजही करते. राहायला जागा आणि वेळेवर जेवण मिळाले की मुलाच्या मनावरचा अर्धा भार उतरतो, हे या कामामागचे साधे शहाणपण आहे.

महाविद्यालयाने दाद दिली नाही तर?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे, शिष्यवृत्ती देण्यातील विलंब, भेदभाव अशा तक्रारी तिच्याकडे करता येतात. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते आणि त्याचा निकाल ३० कामकाजी दिवसांत अपेक्षित आहे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

मग अडते कुठे?

संख्येत आणि विश्वासात. समजा, पाच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एकच समुपदेशक आहे आणि तो दिवसाला पाच जणांना नीट वेळ देतो. प्रत्येकाला एकदा भेटायचे म्हटले तर एक हजार दिवस लागतील. वर्षाला दोनशे दिवस महाविद्यालय चालते असे धरले, तर पाच वर्षे. पदवी त्याआधीच संपते. सगळ्यांना समुपदेशकाची गरज नसते हे खरे. पण ‘किमान एक’ ही सुरुवात आहे, मर्यादा नव्हे, हे या हिशेबातून कळते. विद्यार्थिसंख्येच्या योग्य प्रमाणात समुपदेशक असावेत, असे न्यायालयानेही म्हटले आहे.

दुसरा धोका कागदोपत्री नेमणुकीचा. एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार देऊन दारावर पाटी लावली, तर तपासणीत खूण होईल. पण जे सर अंतर्गत गुण देतात, त्यांच्याजवळ मन मोकळे कोण करील? समुपदेशक परीक्षा आणि हजेरीच्या व्यवहारापासून दूर हवा, त्याची वेळ तासांशी टक्कर देणारी नको आणि कक्षाचे दार प्राचार्यांच्या कार्यालयासमोर उघडणारे नको. प्रवेश घेताना पालकांनी फी आणि प्लेसमेंटबरोबर हेही विचारायला हवे.

मित्राने काय करावे?

संकटातला विद्यार्थी बहुधा आधी खोलीतल्या सोबत्याशी बोलतो. अशा वेळी उपदेश नको, तुलना नको. शांतपणे ऐकावे. ‘जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार वाढत नाही; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि वसतिगृह अधीक्षक, समुपदेशक किंवा घरच्यांपैकी एकाला लगेच सोबत घ्यावे.

मदत हवी आहे?

टेलि-मानस : १४४१६ किंवा १-८००-८९१-४४१६. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत असून २४ तास मिळते आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. हे क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये जतन करा. स्वतःसाठी नाही, तर शेजारच्या खोलीतल्या कुणासाठी तरी.