विळ्याच्या पात्यावर तांबं कुठून येतं?

जळकोट-उदगीर भागात ज्याची फळबाग आहे त्याला बोर्डो मिश्रण नवं नाही. एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. फवारणीआधी त्यात घासून लख्ख केलेल्या विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडलाय. अजून चुन्याची निवळी घालायची, नाहीतर पानं करपतात.

तो थर खरंच तांब्याचा असतो. मोरचुदाच्या द्रावणातल्या तांब्याने आपले इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. लोखंड स्वतःचे इलेक्ट्रॉन त्याला देतं आणि विरघळतं. तांबं पात्यावर येऊन बसतं. चुना पुरेसा असेल तर तांबं द्रावणात मोकळं उरतच नाही, म्हणून पातं कोरं निघतं. आता उलटं करून पाहा. हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात तांब्याची तार टाका. काही होत नाही. लोखंड तांब्याहून अधिक क्रियाशील, याचा अर्थ एवढाच. हे मिश्रण लोखंडी पिंपात का करत नाहीत, तेही यातच आलं.

सगळ्या धातूंची अशी उतरंड लावली की सोडिअम, पोटॅशिअम वरच्या टोकाला जातात. त्यांच्या अणूत बाहेर एकच इलेक्ट्रॉन, तोही सैल. सोडिअम रॉकेलात बुडवून ठेवावं लागतं. पोटॅशिअमचा तुकडा पाण्यावर पडला की जांभळट ज्वाळेने पेटतो. आवर्तसारणीत शेजारच्या गटातलं कॅल्शिअम त्या मानाने सबुरीचं. ते पाण्यात बुडतं, मग अंगाला चिकटलेल्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे वर येतं. या दोन्ही गटांत खाली जावं तसा अणू मोठा होतो आणि क्रियाशीलता वाढते.

नुसतं पाठांतर करणाऱ्याला ठेच लागते ती पुढे. तांबं, चांदी, सोनं हाही एकच गट, पण इथे खाली उतरताना क्रियाशीलता घटते. अणूत आत भर पडलेले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, त्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन घट्ट धरला जातो. सोनं गंजत नाही ते यामुळे.

या तुलनेचा सगळ्यात देखणा नमुना शेजारीच, बिदरला घडतो. 1956 पर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. बिदरीची वस्तू ओततात ती मुख्यतः जस्ताची, त्यात थोडं तांबं. वर चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं गरम मिश्रण चोळतात. पृष्ठभागावरचं जस्त त्यात आधी विरघळतं, मागे उरलेल्या तांब्यामुळे काळा थर धरतो, आणि चांदी जशीच्या तशी चमकत राहते. त्या कारागिरांना इलेक्ट्रॉन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कोणता धातू दम धरतो, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

घरात बिदरीची सुरई किंवा डबी असेल तर चिंच-लिंबाने घासू नका. आम्लापुढे जस्त टिकत नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुरे.