विठाबाईंचा सन्मान झाला, हक्काचे काय?

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आमचे नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स ही नावे आमच्या कामतघरात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कार्यकर्त्यालाही ठाऊक असतात. पण सिस्टर रोझेटा थार्प हे नाव आमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

१९१५ साली आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या गावी जन्मलेली ही काळी मुलगी आईबरोबर चर्चमध्ये गिटार वाजवीत गाऊ लागली. १९३८ साली तिने ती भक्तिगीते नाइट क्लबात नेली, पुढे विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. ज्या रॉक अँड रोलला जगाने नंतर डोक्यावर घेतले, त्याचा पाया घालणाऱ्यांत तिची गणना होते. आणि चर्चमधले तिचेच लोक तिच्यावर नाराज झाले. देवाचे गाणे दारू पिणाऱ्यांपुढे गाते म्हणून! १९७३ साली ती वारली. त्यानंतर तीसहून अधिक वर्षे तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचे नाव लागले ते २०१८ साली.

आपल्या लोकांनीच दूर ठेवायचे आणि मेल्यावर उशिरा गौरव करायचा, हे आम्हांला परके वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर होऊन गेल्या. १९३५ साली पंढरपुरात जन्म, शाळा नावापुरती, आजोबांपासून घरात फड. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या लहानपणीच उभ्या राहिल्या. गावोगाव कनाती ठोकायच्या, रात्रभर गायचे, नाचायचे, वगात भूमिका करायची आणि पहाटे सामान ट्रकवर लादून पुढचे गाव गाठायचे, असे हे आयुष्य. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. 'तमाशासम्राज्ञी' ही पदवी लोकांनीच दिली. मात्र २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचा खर्च भागवायला देणग्या गोळा कराव्या लागल्या होत्या. सम्राज्ञी म्हणायचे आणि औषधाला पैसे नाहीत!

त्यांची एक हकीकत सगळीकडे सांगितली जाते. दिवस भरलेल्या विठाबाई फडावर उभ्या होत्या, कळा आल्या, कनातीमागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. याला 'कलेवरची निष्ठा' म्हणून टाळ्या वाजवल्या जातात. आम्हांला मात्र ही हकीकत कामगार कायद्याच्या पुस्तकात असायला हवी असे वाटते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा पुढे १९७३ च्या दुरुस्तीने घोडेस्वारी, कसरती आणि इतर खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांनाही लागू झाला. पण यात्रेतल्या पालांत तो पोहोचवायला कोण गेले? प्रस्थापित रसिकाला लावणी हवी होती, लावणीवालीचे बाळंतपण नको होते.

आता आमच्याच घरातले बोलू. पठ्ठे बापूराव चळवळीसाठी तमाशाच्या कमाईतला पैसा घेऊन आले तेव्हा बाबासाहेबांनी तो नाकारला, हे प्रसिद्ध आहे. पवळाबाई हिवरगावकर या महार स्त्रीच्या नाचण्यावर तो पैसा उभा होता. जातीने लादलेल्या या धंद्यातून आमच्या बायका बाहेर याव्यात, हा बाबासाहेबांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. पण आम्ही काय केले? पैशाबरोबर त्या बाईलाही नाकारले. पठ्ठे बापूराव शाहीर म्हणून इतिहासात गेले, पवळाबाई 'त्यांच्या फडातली' म्हणून उरल्या. प्रा. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर ग्रंथ लिहिला, तो २०२२ साली, तोही इंग्रजीत. मराठीत हे काम आम्ही का केले नाही?

कायद्यानेही या स्त्रियांना फार उशिरा ओळखले. विठाबाईंचा पहिला सन्मान झाला त्याच १९५७ साली कॉपीराइट कायदा झाला. त्यात गीतकार होता, संगीतकार होता, रेकॉर्ड काढणारी कंपनी होती, फक्त गाणारी नव्हती. सत्तरच्या दशकात देव आनंदसारख्या नटालासुद्धा मुंबई उच्च न्यायालयात अभिनयावरचा कॉपीराइट मिळाला नाही, मग फडातल्या बाईचे कोण ऐकणार? तिकडे बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचे 'हाउंड डॉग' १९५३ साली गाजले, १९५६ साली तेच गाणे गाऊन एल्विस प्रेस्ली जगप्रसिद्ध झाला. बिग मामाच्या सांगण्याप्रमाणे तिला त्या गाण्याचा ५०० डॉलरचा एक चेक तेवढा मिळाला. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टी व स्वतःचे नाव लावून घेण्याचा हक्क आला. या व्याख्येत गायक, वादक, नर्तकच काय, डोंबारी आणि गारुडीही बसतात. मुदत पन्नास वर्षांची.

हे सगळे विठाबाईंच्या कामी आले नाही. पण आमच्या मंचावर गाणाऱ्या भगिनींच्या कामी येऊ शकते. १४ एप्रिलच्या सुमारास कामतघरापासून नागपूरपर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम होतात, गायिका पहाटेपर्यंत गातात. कुणीतरी चित्रीकरण करतो, ते यूट्यूबवर चढते, खाली मंडळाचे नाव असते, पुढाऱ्याचा फोटो असतो, कोरसमधल्या बाईचे नाव नसते. मनुवाद्यांकडे बोट दाखवणाऱ्या आमच्या मंडळांनी याचे उत्तर द्यावे.

आमची सूचना साधी आहे. सुपारी देताना एका कागदावर करार करा. मानधन किती, आगाऊ किती, जाण्यायेण्याची गाडी कुणाची, चित्रीकरण होणार का, त्यातून पैसा आला तर तिचा वाटा किती आणि नाव कुठे छापणार, एवढे लिहा. कार्यक्रमाला गर्दी झाली नाही म्हणून मानधन कापता येणार नाही, हेही लिहा. करार मराठीत असावा, सहीआधी तिला वाचून दाखवावा आणि एक प्रत तिच्या हातात द्यावी.