दोन नावांचा मासा

गटाचे खाते उघडायला गेलो की आमची एक अडचण ठरलेली. आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. बाई एकच, कागदावर दोघी! एका माशाचाही असाच घोटाळा झाला होता, त्याची ही गोष्ट.

हा मासा म्हणजे शार्क, आपल्या मुशीच्या नात्यातला. पण तो दलदलीतल्या गोड्या पाण्यातही राहायचा, तेही तीस कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा डायनासोर जन्मले नव्हते आणि युरोप-अमेरिकेतला दगडी कोळसा अजून हिरवी झाडे होता. लांबी तीन मीटरपर्यंत, अंग वामासारखे लांबट आणि डोक्यामागे एक लांब काटा.

कानाची वरची कड वाकवून बघा. ती लवते ना? शार्कचा सांगाडा असाच, कूर्चेचा. ती कुजून जाते, म्हणून अख्खा मासा क्वचितच मिळतो. मागे राहतात दात आणि काटा. लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८४३ मध्ये काट्यावरून 'ऑर्थाकॅन्थस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरळ काटा. दोन टोकांचे दात सुटे सापडत, ते 'डिप्लोडस' म्हणून नोंदले गेले. दोन्ही एकाच माशाचे, हे पुढे उलगडले.

आणखी एक वस्तू मागे राहते. विष्ठा! नाकाला पदर लावू नका, तिचा केव्हाच दगड झालाय. शार्कचे आतडे आतून गोल जिन्यासारखे, म्हणून विष्ठेलाही पीळ पडतो. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिंटो इथल्या कोळशाच्या पट्ट्यात असा एक दगड मिळाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी त्याच्या आत पाहिले, तर ऑर्थाकॅन्थसच्याच पिल्लाचा दात! २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मोठे मासे पिल्ले घालायला उथळ दलदलीत येत असावेत आणि दुसरे भक्ष्य कमी पडले की पिल्लेच खात असावेत, असा त्यांचा अंदाज.

गटात हे सांगितले तेव्हा बायका हळहळल्या. एक मावशी मात्र म्हणाल्या, "कोंबडीला चुना कमी पडला की तीही स्वतःची अंडी फोडून खाते. शिंपल्यांची पूड घाला, मग बघा." कोंबड्या पाळणारीलाच हे सुचणार.

हे कूळ आपल्यापासून फार लांबचे नाही. प्राणहितेपलीकडे, तेलंगणातल्या मालेरीच्या लाल मातकट खडकांत ऑर्थाकॅन्थसच्या भाऊबंदांचे दात मिळाले आहेत. ते नंतरच्या काळातले, पण वीस कोटी वर्षांहून जुने. लहानसे, आणि तसेच दोन टोकांचे.