शेडमधील साल्मोनेला कसा शोधावा



कोंबडी दाणे टिपते आहे, तुरा लालभडक आहे, अंडी रोजच्या रोज मिळताहेत, मग तपासणी कशाची करायची? असा प्रश्न बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण साल्मोनेला या जंतूच्या बाबतीत कोंबडीच्या तोंडाकडे बघून निदान होत नाही.

या जंतूच्या अनेक जाती आहेत. त्यातल्या दोन कोंबडीलाच मारतात. एकीमुळे पिल्लांना पांढरी हगवण लागते, बूड चिकटते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरतूक होते. दुसरीमुळे मोठ्या पक्ष्यांना टायफॉइड होतो. या दोन्ही लवकर नजरेस येतात, कारण मेलेली कोंबडी लपत नाही. खरा घोर आहे तो एन्टेरायटिडिस आणि टायफिम्युरियम या जातींचा. मोठी कोंबडी त्या पोटात बाळगते आणि ठणठणीत राहते. आजारी पडतो तो अर्धकच्चे अंडे किंवा नीट न शिजलेले मांस खाणारा माणूस. त्याला ताप, जुलाब, उलट्या होतात. धट्टाकट्टा गडी आठवड्याभरात उठतो, पण तान्हे मूल, गरोदर बाई आणि म्हातारे माणूस यांच्या जिवावर बेतू शकते. आणि गावात पहिले अंडे कोण खाते? आपल्याच घरातले लेकरू!

अमेरिकेत २०१० साली आयोवा राज्यातील दोन फार्मांवरची ५० कोटींहून अधिक अंडी बाजारातून परत मागवावी लागली. सुमारे १९०० माणसे आजारी पडली होती. शोध घेतला तेव्हा जंतू खाद्यात, कोंबडखतात आणि शेडमधल्या वाटांवर मिळाला. बारकाईने तपासायला हवी ती शेडच.

याचे कारण असे. कोंबडी हा जंतू रोज बाहेर टाकत नाही. आज विष्ठेत असेल, चार दिवस नसेल. हजार पक्ष्यांतले पाच-दहा पकडून तपासले तर नेमके निरोगी हाती लागायचे. पण एकदा जमिनीवर पडलेला जंतू तुसात, धुळीत, फटीत महिनोन्महिने तग धरतो. सगळ्या पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ जिथे गोळा होते तिथला नमुना घेतला, की सगळ्या लॉटची एकदम झडती होते.

गादी पद्धतीच्या शेडमध्ये सर्वात सोपा आणि भरवशाचा नमुना म्हणजे पायमोज्याचा. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक केलेले, ओलसर कापडी मोजे आणावेत. शेडच्या दारात बुटांवर आधी स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि तिच्यावर हा मोजा. मग शेडमध्ये किमान १०० पावले चालावे. मधल्या रुळलेल्या वाटेने सरळ जाऊन परत येऊ नये. भिंतीकडेने, पाण्याच्या भांड्यांभोवती, अंड्यांच्या खोक्यांपाशी, कोपऱ्यात असे फिरावे. मोज्याला तूस आणि विष्ठा चिकटली पाहिजे. ती झटकू नये, तोच आपला नमुना. दोन जोड घेऊन अर्धी-अर्धी शेड फिरावी आणि प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत बंद करावा.

पिंजरा पद्धतीत चालून उपयोग नाही. तिथे पिंजऱ्यांच्या प्रत्येक रांगेखालून, निरनिराळ्या ठिकाणची ताजी विष्ठा चिमूट-चिमूट उचलून १५० ग्रॅमचा एक, असे दोन नमुने करावेत. सोबत धुळीचाही एक घ्यावा. पंख्याची पाती, वासे, पिंजऱ्यांची खालची बाजू अशी हातभर जागा ओलसर निर्जंतुक कापडाने चोळून पुसावी. धूळ जितकी जुनी, तितकी ती शेडचा मागचा इतिहास सांगते.

उंदीर-घुशींच्या लेंड्या दिसल्या तर त्या मात्र सोडू नका. शेड कितीही धुतली तरी उंदीर जुन्या लॉटचा जंतू नव्या लॉटला नेऊन देतो. एका लेंडीत लाखावर जंतू असू शकतात, आणि खाद्याच्या पोत्यात ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

नमुने केव्हा घ्यावेत? पिल्ले येतील त्या दिवशी खोक्याच्या तळाचा कागद आणि वाटेत मेलेली पिल्ले तपासायला द्यावीत. जंतू उबवणी केंद्रातून आला की आपल्या शेडमध्ये शिरला, हे तेव्हाच कळते, नंतर नाही. तलंगा अंड्यांच्या शेडमध्ये नेण्याआधी, म्हणजे १४ ते १६ आठवड्यांच्या झाल्यावर, एकदा. आणि अंड्यांवर असताना ४० ते ४५ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा. अमेरिकेतील अंड्यांच्या नियमातही याच वेळा धरल्या आहेत. पण माझ्या मते एकच तपासणी परवडत असेल तर लॉट गेल्यावर शेड धुऊन, औषध मारून, पूर्ण वाळल्यावरची करावी. शेड खरोखर स्वच्छ झाली की नुसती ओली झाली, ते तीच सांगते. कोणते औषध मारले ते प्रयोगशाळेला अवश्य कळवा. त्याचा अंश कापडाला लागला तर जंतू नमुन्यातच मरतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. पक्ष्यांना प्रतिजैविक चालू असतानाही असेच फसायला होते.

काही जण नमुन्यासाठी शेडमधली चांगली, कोरडी जागा निवडतात. अहवाल चांगला यावा ही इच्छा समजते, पण अशा कागदावर आपण पैसे भरून आंधळे होतो. जिथे हात घालायला नको वाटते, तिथलाच नमुना घ्या.

पिशवीवर शेड क्रमांक, पक्ष्यांचे वय, तारीख आणि जागा लिहावी. बर्फ घातलेल्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नमुना पोचता करावा. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरसाहेब कुठे पाठवायचे ते सांगतील. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. जंतू वाढवून ओळखायला साधारण चार-पाच दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी फोन करून घाई करू नये.

जंतू निघाला तर मनाने प्रतिजैविक सुरू करू नका. त्याने जंतू दबतो, जात नाही, आणि औषध अंड्यात उतरते ते वेगळेच. आधी जात कोणती ते विचारा, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो. तोवर त्या शेडची चप्पल, घमेले, फावडे दुसऱ्या शेडमध्ये नेऊ नये. तिथले कोंबडखत कच्चे असताना भाजीपाल्याला घालू नये, ढीग लावून चांगले तापून कुजू द्यावे. घरात अंडे खायचे तर पिवळा बलक घट्ट होईतो उकडून. जंतू निघाला नाही तरी एका चांगल्या अहवालावर वर्षभर निर्धास्त राहू नये. पुढच्या लॉटचे नमुने पुन्हा घ्यावेत, आणि मागचा अहवाल फाइलला लावून ठेवावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.