घरच्या घरी आगगाडी

दिवाळीची सुटी लागली, की अंगणात माती कालवली जाते, दगडविटा रचल्या जातात आणि दोन दिवसांत एक किल्ला उभा राहतो. त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवतात, मावळे मांडतात. आणि सण सरला की सारे मोडून टाकतात. भातुकलीचेही तसेच. मोठ्या जगाची लहान नक्कल करण्याची हौस आपल्या घरांस परकी नाही. परंतु ती आठ दिवसांतच का संपावी? तिला वर्षानुवर्षे टिकणाऱ्या छंदाचे रूप देता येते. आणि त्यासाठी आगगाडीच्या प्रतिकृतीइतका उत्तम विषय क्वचितच मिळेल.

ह्या छंदाचे भातुकलीशी नाते केवळ कल्पनेतले नाही. जर्मनीतील मेर्कलिन ही पेढी १८५९ साली निघाली, ती बाहुलीघरातील पत्र्याची भांडीकुंडी करण्यासाठी. ह्याच पेढीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली. तिचे रूळ ठराविक मापाचे असून त्यांस हवे तेव्हा आणखी रूळ जोडता येत. अर्थात खेळ एका दिवसात न संपता वाढत जाई. आपल्याकडे पुण्यात कोथरूड भागात बी. एस. जोशी ह्यांच्या अशाच हौसेतून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले व १९९८ साली ते लोकांस पाहावयास खुले झाले.

आता खेळण्यातील गाडी व प्रतिकृती ह्यांत भेद कोणता? तो एका शब्दात सांगावयाचा तर प्रमाण. खेळण्याचे डोके मोठे व चाके ओबडधोबड असली तरी चालते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक माप एकाच संख्येने भागलेले असावे लागते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे होय. आपल्या रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब व ३.२५ मीटर रुंद. ८७ ने भागता तो साडेचोवीस सेंटिमीटर लांब व पावणेचार सेंटिमीटर रुंद होतो. म्हणजे टेबलावर सहज मावेल एवढा!

परंतु येथेच गणिताची खरी गंमत सुरू होते. बाजारात मिळणाऱ्या ह्या प्रमाणाच्या रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते, कारण युरोपातील मूळ रुळांत ते १४३५ मिलिमीटर आहे. आपल्या रुंद मार्गावर ते १६७६ असल्यामुळे आपल्या गाडीस १९.३ मिलिमीटर अंतर हवे. मग ती उणीव चालवून घ्यावी, की रूळ स्वतः बसवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी सुमारे ३४ किलोमीटर धावली. तो मार्ग ह्या प्रमाणात घरी मांडू म्हटल्यास ३९० मीटर लांबीचा दिवाणखाना लागेल! म्हणून एखादे लहानसे स्थानक, एक पूल, एक बोगदा एवढेच निवडावे.

लांबी ८७ पटींनी घटते, पण चढ घटत नाही. खंडाळ्याच्या घाटात ३७ फुटांस १ फूट चढ आहे; घरीही तोच राखू म्हटले, तर एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी ७ सेंटिमीटर उंची गाठण्यास अडीच मीटरांहून अधिक लांबी द्यावी लागते. वजनाचे उलट आहे. लांबी, रुंदी व उंची तिन्ही घटत असल्याने ते सुमारे साडेसहा लाख पटींनी कमी होते. ४० टनांचा डबा जेमतेम ६० ग्रॅमचा उरतो. असा हलका डबा वळणावर सहज घसरतो. म्हणून हौशी लोक त्याच्या तळाशी जास्तीचे वजन बसवतात. घन म्हणजे काय, हे पुस्तकातून न उमगलेल्या मुलास रुळावरून घसरलेला डबा एका क्षणात शिकवतो.

आरंभास महागडी सामग्री नको. पुठ्ठा, पोलादी पट्टी, धारदार पाते व पांढरा गोंद एवढे पुरे. जवळच्या स्थानकावर उभ्या असलेल्या डब्याच्या खिडक्या मुलांना मोजावयास लावा, कागदावर आकृती काढवून घ्या व मग पुठ्ठा कापा. पाते मोठ्यांनीच हाताळावे, आणि उग्र वासाचा रंग वा चिकटद्रव्य उघड्या खिडकीशी बसूनच वापरावे. पुढे विजेवर चालणारे इंजिन आणलेच, तर त्यास १२ व्होल्टांचा सौम्य प्रवाह पुरतो. तो त्याच्यासाठी बनविलेल्या उपकरणातूनच द्यावा, घरातील विजेशी प्रयोग करू नयेत.

मात्र ह्या छंदाचा खरा शत्रू खर्च नव्हे. वडीलधाऱ्यांचे हसणे होय. ‘हा पोरखेळ पुरे, अभ्यासाला बस,’ ह्या एका वाक्याने किती अर्धवट डबे माळ्यावर गेले असतील! ज्या मुलाने मिलिमीटर चुकल्यामुळे एकच भिंत तीनदा कापली, त्याने संयमाचा जो धडा गिरवला, तो उपदेशाने मिळत नाही. आणि हा धडा केवळ मुलांचाच नव्हे. ज्या मुलीचा हात रांगोळीच्या ठिपक्यांत बसला आहे, तिला रूळ समांतर मांडणे जड जाणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी दूरध्वनीचा पडदा तासभर मिटून टेबलाभोवती सारे जण बसा. आजोबांनी वाफेच्या इंजिनाची आठवण सांगावी, आईने मापे वाचावीत, मुलांनी रेघा आखाव्यात. डबा पहिल्या खेपेस वाकडा होईल, होऊ द्या. दुसरा सरळ होईल, आणि तो कोणी विकत आणून दिलेला नसेल.